उष्ट्या हळदीच्या आधी

उन्हाने रापलेलं अंग उजळायला काय लावावं, असं मला कुणी विचारलं की मला आधी हसू येतं आणि मग राग येतो. हसू येतं ते यासाठी, की लावण्यासारखं जे जे म्हणून घरात आणि रानात मिळतं, ते सगळं मी अंगाला लावून घेतलेलं आहे. राग यासाठी, की ते मी हौसेने लावलं नव्हतं. भिंतीला माती थापावी तसं माझ्या आईने आणि वहिनीने मिळून ते मला थापलं होतं. आणि त्यांच्या त्या खटाटोपात माझं ठरलेलं लग्न मोडता मोडता राहिलं.

तेव्हा आमच्या जिल्ह्याला चांदा म्हणत, आणि गडचिरोली ही त्यातलीच एक तहसील होती. आमचं गाव चामोर्शीपासून बैलगाडीने अर्ध्या दिवसाच्या वाटेवर. पुढे धानाच्या बांध्या, म्हणजे बांध घातलेली शेतं, आणि मागे थेट जंगल. घरात आई, बाबा, थोरला भाऊ, त्याची बायको म्हणजे माझी वहिनी, तिचं अंगावर पिणारं बाळ आणि मी. वहिनी माझ्याहून फार मोठी नव्हती. ती सिरोंचाकडची होती आणि रागावली की तेलुगूत बोलायची, त्यामुळे तिच्या रागाचं आम्हाला कधी फारसं वाईट वाटलं नाही.

मार्गशीर्षात धानाची मळणी आटोपली आणि मला पाहायला मंडळी आली. मुलगा बल्लारशाला लाकडाच्या डेपोत कारकून होता. जंगलातून आलेल्या ओंडक्यांची मापं घ्यायची आणि त्यांच्यावर खुणा घालायच्या, असं त्याचं काम. सोयरीक आणली होती त्याच्या आत्याने. ती चामोर्शीला दिलेली, मोठ्या कुंकवाची आणि त्याहून मोठ्या आवाजाची बाई. मुलाची आई तो लहान असतानाच गेलेली, त्यामुळे त्याचं सगळं या आत्यानेच केलं होतं आणि त्याच्या लग्नातही तिचाच शब्द शेवटचा होता.

मला प्रश्नही तिनेच विचारले. रोवणी येते का, भाकरी येते का, दळताना गाणं म्हणतेस का. मुलगा आपला खाली मान घालून पोहे खात होता. मला वाटलं, मुलगी त्याला पाहायची आहे की आत्याला, हे एकदा यांनी ठरवून घ्यावं. मंडळी उठायला लागली तेव्हा मात्र त्याने एकच गोष्ट विचारली. इथून वाघाचा आवाज ऐकू येतो का? मी म्हटलं, थंडीत येतो. तो म्हणाला, आमच्याकडे नुसता करवतीचा येतो. एवढंच बोलून तो जोडे घालायला गेला. मला तो माणूस आवडला. पुढे कितीतरी दिवस त्याचं ते बोलणं माझ्या मनात घोळत होतं, आणि कुणी विचारलं असतं तर मी ते साफ नाकबूल केलं असतं.

साक्षगंधाच्या दिवशी, म्हणजे गंध-साखर होऊन सोयरीक पक्की झाली त्या दिवशी, आत्याने सगळ्या बायकांदेखत सांगून टाकलं की पोरगी अशी उजळ आहे म्हणून तिने मला पसंत केलं. तिच्या भाच्याला चांगल्या चांगल्या घरच्या मुली सांगून आल्या होत्या. तेव्हा आता लग्नापर्यंत हिला उन्हात धाडायचं नाही. लग्न ज्येष्ठात धरलं होतं. आईने मान डोलावली आणि हो म्हटलं.

हो म्हणायला आईचं काय गेलं? माघ-फाल्गुनापर्यंत ते जमलंही. मग चैत्रात मोहफुलं पडायला लागली. मोहाची फुलं कुणी तोडत नाही, ती पहाटेपासून आपोआप गळतात आणि गुरांच्या, हरणांच्या, अस्वलांच्या आधी तिथे पोचून ती वेचावी लागतात. झाडाखालचा पाला आधीच जाळून जमीन साफ केलेली असते, म्हणजे खालून राख. फुलोऱ्याच्या दिवसांत मोहाला पान म्हणून उरत नाही, म्हणजे वरून ऊन. टोपली भरेपर्यंत सूर्य डोक्यावर येतो. आईने मला पहिले काही दिवस घरी बसवलं, पण तिची आणि वहिनीची कंबर धरली तेव्हा तीच म्हणाली की चल, पण डोक्यावरून पदर घे. ओणवं होऊन फुलं वेचताना पदर डोक्यावर राहतो असं ज्याला वाटतं, त्याने एकदा वेचून पाहावं.

मोहफुलं सरतात न सरतात तोच विडीसाठी तोडायची तेंदूची पानं आली. अख्खं गाव पानं तोडायला निघालं, मीही निघाले. आता मला कुणी ओढून नेलं नाही, मीच गेले. जंगलात मैत्रिणी होत्या, पिकलेली तेंदूफळं आणि चारं, म्हणजे चारोळीची फळं, तोंडात टाकायला होती, आणि लग्न होऊन बल्लारशाला गेल्यावर हे काही मिळणार नव्हतं. घरात सावलीत बसून राहायचं माझ्या स्वभावातच नव्हतं. आत्याला दिलेला शब्द आईच्या लक्षात राहिला नाही आणि मी तो आठवून दिला नाही.

तो आठवला लग्नाच्या चोळीच्या वेळी. वहिनी माप घ्यायला बसली आणि तिने माझी जुनी बाही वर सारली. बाहीच्या आतला दंड आईसारखा उजळ, आणि बाहीच्या खालचा हात घरातल्या तव्यासारखा. वहिनीने आईला हाक मारली. आईने पाहिलं आणि ती तिथेच पाट्यावर बसली. पाट्यावर बसू नये असं ती आम्हाला जन्मभर सांगत आली होती, तेव्हा तिची काय अवस्था झाली असेल ते समजून घ्या. माझं तोंड, मान, हात, घोट्यापासून खालची पावलं, सगळं तिने उलटसुलट करून पाहिलं.

ती एवढंच म्हणाली, "आत्याबाईले आता का दाखवू वं मी?"

त्या दिवसापासून माझं बाहेर जाणं बंद झालं आणि थापणं सुरू झालं. पहिलं ताक. सकाळी घुसळण झाली की आंबट ताकात फडका बुडवून आई माझं तोंड आणि हात पुसायची. ते बरं वाटायचं, मी तक्रार केली नाही. मग दही आणि बेसन. ते वाळेपर्यंत बोलायचं नाही, हसायचं नाही, नाहीतर तडे जातात. मला गप्प बसवायचा हाच एक उपाय घरात सापडला होता, त्यामुळे बाबांचा या उपायावर फार विश्वास बसला. एकदा मी दही-बेसन लावून गोठ्याच्या सावलीत बसले होते, तर वासराने येऊन माझा एक हात कोपरापासून बोटांपर्यंत चाटून साफ केला. वहिनी म्हणायची, तोच हात जास्त उजळला.

मग मसुराची डाळ रात्री दुधात भिजवून पाट्यावर वाटलेली. मग तांदूळ धुतल्याचं पाणी, जे आजवर म्हशीला जात होतं. मग बाजारातून आणलेली काकडी, वैनगंगेच्या वाळूतल्या वाडीतली, तिच्या चकत्या गालांवर. मी त्या चकत्या खाऊन टाकायची. मग लिंबाचा रस आणि मध. मोहफुलं वेचताना हातापायांना जागोजाग ओरखडे आलेले होते, त्यात लिंबू गेलं आणि मी अशी काही नाचले की शेजारची बाई कुडावरून पाहायला आली.

या लेपांत चारोळीची पाळी सगळ्यात शेवटी आली, कारण चारोळी लग्नाच्या लाडवांसाठी ठेवलेली होती. चारं खाऊन उरलेल्या बिया जात्यात हलक्या हाताने फोडायच्या आणि पाखडून आतले दाणे काढायचे, हे किती वेळखाऊ काम आहे ते करणाऱ्यालाच माहीत. आईने त्या डब्यातली मूठभर चारोळी काढली, दुधात उगाळावी तशी बारीक वाटली आणि माझ्या तोंडाला लावली. बाबा दारातून म्हणाले की चारोळी लाडवात घालायची की पोरीच्या तोंडाला, ते एकदा दोघींनी ठरवा. पण तिचा वास इतका गोड होता, आणि ती वाळून चोळून काढल्यावर गाल इतके मऊ लागायचे, की मी एकटीच बसून आपल्याच गालाला हात लावून पाहायची. ओठांच्या आसपास लागलेली चारोळी मी चाटायची, ते वेगळं.

मला आज विचाराल तर सांगते. ताका-दह्याने थंडावा मिळतो, मसुराच्या डाळीने मळ निघतो, चारोळीने कातडी लोण्यासारखी होते आणि लिंबू मी परत लावणार नाही. पण रापलेलं उतरतं ते सावलीत बसल्याने आणि दिवस गेल्याने. आमच्याकडे सावली होती, दिवस नव्हते.

आणि या सगळ्यात, कबूल करायला हरकत नाही, मीही धास्तावले होते. आधी मी चेष्टेवारी नेत होते. पण आई रोज देवापुढे दिवा लावताना माझ्याकडे वळून पाहायची आणि तिचा चेहरा उतरायचा, तेव्हा माझी चेष्टा तिथेच थांबायची. त्या माणसाने मला हिवाळ्यात पाहिलं होतं. त्याला सांगितलं होतं की पोरगी उजळ आहे. आता अंतरपाट दूर झाला आणि त्याने पाहिलं, तर तो काय म्हणेल? मला फसवलं म्हणेल? पाण्याचा रांजण भरला की मी त्यात वाकून माझं तोंड पाहायची. रांजणात तर सगळंच काळं दिसतं, पण तेव्हा ते लक्षात यायचं नाही.

अशात वहिनीला पळसाची फुलं आठवली. फाल्गुनात पळस फुलला की आमच्याकडे फुलं वाळवून गाडग्यात भरून ठेवत. वैशाखाच्या तलखीत लहान मुलांना त्या फुलांच्या पाण्याने न्हाऊ घालायचं, म्हणजे ऊन बाधत नाही आणि अंगावर घामोळं उठत नाही. वहिनीचं म्हणणं, जे पाणी उन्हाची तलखी काढतं ते उन्हाचा रंगही काढेल. आईला ते पटलं. आईला त्या दिवसांत कुणीही काहीही सांगितलं असतं तर पटलं असतं. वहिनीने मोठं मडकं चुलीवर चढवलं, लहान मुलाला घालतात त्याच्या चौपट फुलं त्यात टाकली, आणि पाणी चांगलं उकळत आलं तेव्हा तिला आणखी एक सुचलं. न्हावी दाढी झाल्यावर तुरटी फिरवतो तेव्हा चेहरा कसा साफ दिसतो! तिने तुरटीचा खडा घेतला आणि मडक्यात सोडला.

आता गंमत पाहा. याच वहिनीने, याच मडक्यात, होळीच्या मागेपुढे बाळाची झबली पिवळी रंगवली होती. पळसाची फुलं उकळायची आणि रंग पक्का बसावा म्हणून त्यात तुरटी टाकायची, हे तिला ठाऊक होतं, आईला ठाऊक होतं, मलाही ठाऊक होतं. ती झबली तेव्हाही समोर दोरीवर वाळत होती, धुऊन धुऊन विरली तरी पिवळीधमक. पण तो रंग कापडाचा आणि हे पाणी अंगाचं, असं आम्हा तिघींच्या डोक्यात इतकं पक्कं होतं की कुणाला काही सुचलं नाही.

त्या पाण्यात मी चांगली मुरले. आईने घंगाळाजवळ बसवून, तांब्या तांब्या करून, चोळून चोळून न्हाऊ घातलं. पाणी कोमट होतं, वास चांगला होता, मी डोळे मिटून बसले होते. कुणीतरी आपल्याला एवढं जपून न्हाऊ घालतंय, हे लग्न झाल्यावर परत व्हायचं नाही, असं काहीसं मनात येऊन मला भरून आलं होतं. मग वहिनी कोरडं लुगडं घेऊन आली आणि दारातच थांबली.

मी हात उन्हात धरले. तळवे, नखं, बोटांमधल्या बेचक्या, दंड, सगळं पिवळं. जिथे रापलेलं होतं तिथे तांबूस पिवळं, जिथे गोरं होतं तिथे लख्ख पिवळं. आईने पदराने माझा गाल घासला. पदर पिवळा झाला आणि गाल होता तसाच राहिला. वहिनी तेलुगूत काहीतरी पुटपुटली, पण या वेळी रागाने नव्हे.

आणि नेमकी तेव्हाच अंगणात बैलांच्या घुंगरांचा आवाज आला. आत्या कुठल्याशा बारशाहून चामोर्शीला परत चालली होती, आणि वरातीच्या गाड्या किती आणि माणसं किती हे बोलून घ्यावं म्हणून वाट वाकडी करून आली होती. मी कोरडं लुगडं कसंबसं गुंडाळून, ओल्या केसांनी, पिवळ्या अंगाने अंगणाच्या मधोमध उभी. लपायला वेळच नव्हता.

आत्या गाडीतून उतरली, दोन पावलं आली आणि जागीच उभी राहिली. माझ्या काळेपणाकडे तिचं लक्षही गेलं नाही. तिने पाहिला तो पिवळा रंग.

आमच्याकडची रीत अशी की हळद आधी नवरदेवाला लागते. त्याच्या अंगाला लावून जी उरते, ती उष्टी हळद वाजतगाजत नवरीच्या घरी येते आणि तीच नवरीला लावतात. त्याच्या आधी नवरीच्या अंगाला हळदीचं बोटसुद्धा लावत नाहीत. म्हणजे लग्न ठरलेली मुलगी उष्टी हळद येण्याआधीच पिवळी दिसली, तर पाहणाऱ्याने एकच समजायचं, की हिला दुसऱ्या कुणाच्या घरची हळद लागून गेली. तसं झालं की सोयरीक मोडते. पुन्हा दुसरी जुळत नाही, हेही सगळ्यांना माहीत असतं.

आत्या आईला म्हणाली, "आमची हरद तं अजून कुटाची हाये. मंग हे कोनाची लागली पोरीले?"

आईने कसंबसं सांगितलं की हळद नाही, पळसाच्या फुलांचं पाणी आहे. पण सांगताना तिचा आवाज असा कापत होता की माझाही विश्वास बसला नसता. आत्या म्हणाली की त्या पाण्याने तिच्या घरचीही पोरं न्हातात, असं पिवळं कुणी होत नाही. तेही खरंच होतं. तिने आईला घरात कोण कोण येऊन गेलं ते विचारायला सुरुवात केली. मांडवाच्या मेढी तोडून आणलेल्या अंगणात पडल्या होत्या, तिकडे तिने एकदा पाहिलं आणि गाडीवानाला म्हणाली की बैल सोडू नको.

आई माझ्याकडे पाहतही नव्हती. ती खाली बसली आणि तिने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. आईला मी तसं कधी पाहिलं नव्हतं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. एवढे दिवस त्या बाईच्या एका वाक्यापायी माझ्या आईच्या जिवाला घोर लागलेला, आणि आता ही विचारते की घरात कोण येऊन गेलं! मी पुढे गेले, आत्याचं मनगट धरलं, तिला चुलीजवळ नेलं आणि मडक्यात उरलेल्या कोमट पाण्यात तिचा हात कोपरापर्यंत बुडवला. ती हात ओढत होती. मी ओंडके उचलणाऱ्या घरची नव्हते, पण मोहफुलांच्या टोपल्या उचललेल्या होत्या. मी तो तसाच धरून ठेवला. नंतर सोडला.

मी म्हटलं, "आता पाहा. हे कोनाची हरद लागली तुमाले?"

आत्याने हात वर धरला. पाणी ओघळून गेलं आणि हात पिवळा राहिला. तिने तो पदराला पुसला, पदर पिवळा झाला. तिने तो मातीने घासला, माती गेली आणि पिवळा हात परत निघाला. मला तेव्हा कळलं की मी काय करून बसले. नवऱ्या मुलाच्या आत्याचा हात धरला, तोही उष्ट्या पाण्यात घातला. आता हळदीचं सोडा, या एका कारणावरूनही सोयरीक मोडली तर कुणी तिला नावं ठेवली नसती.

आत्याने मडक्यात वाकून पाहिलं आणि यात काय टाकलं ते विचारलं. वहिनीने मान खाली घालून सांगितलं, तुरटी. मग आत्याने दोरीवरच्या झबल्यांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि तिचं मोठं कुंकू कपाळावर हलायला लागलं. ती हसत होती. आधी बिनआवाजाची, मग मोठ्याने, मग ठसका लागेपर्यंत. आईने रडता रडताच उठून तिला पाणी दिलं.

त्या दिवशी आत्या जेवून गेली. पिवळ्या हातानेच तिने भात कालवला. आम्ही अंगाला काय काय लावलं ते सगळं तिने आईकडून काढून घेतलं, आणि काकडीच्या चकत्या मी खाल्ल्या ते ऐकून परत हसली. निघताना मात्र तिने माझी बाही वर सारली, वर आणि खाली नीट पाहिलं, आणि तिचा चेहरा पुन्हा पहिल्यासारखा झाला. लय कारी झाली, असं म्हणाली. मग म्हणाली की जे पाहिलं ते ती बल्लारशाला जाऊन सांगणार, लपवून ठेवणार नाही. एवढं बोलून गाडीत बसली.

त्यानंतरचे दिवस काही बरे गेले नाहीत. पिवळा रंग आपोआप उतरत गेला, त्याच्याखालचा काळा तसाच होता. आईने थापणं बंद केलं. ती रागावलीही नाही. उलट बाबांना सांगताना मी आत्याचा हात धरल्याचा प्रसंग तिने जरा रंगवूनच सांगितला, असं मला वाटलं. पण मला एकटीला काही सुचत नव्हतं. आत्या बल्लारशाला गेली असेल, तिने सांगितलं असेल, आता निरोप येईल. वाटेने कुणीही येताना दिसलं की मी कुडाआड जाऊन उभी राहायची. पोरगी काळी झाली आणि वरून हात धरणारी आहे, हे ऐकून कोण येईल वरात घेऊन?

निरोप आला नाही, उष्टी हळद आली. आत्या स्वतः ती घेऊन आली आणि तिनेच पहिलं बोट मला लावलं. मग सगळ्या बायकांनी लावली. इतके उपाय अंगावर झाल्यानंतर ती हळद मला फार आपली वाटली, हे इथे सांगून टाकते. दुसऱ्या दिवशी अंतरपाट धरला, मंगलाष्टकं झाली. मला मान वर करायची सोय नव्हती. पाटावरची त्याची पावलं तेवढी दिसली. ती मला ओळखीची वाटली नाहीत, कारण ती माझ्या पावलांपेक्षाही काळी होती.

त्याचा चेहरा मी पाहिला तो वैनगंगेवर. वरात परत निघाली होती. नदीला गुडघाभर, मधे कमरेभर पाणी, म्हणून गाड्या वरच्या उतारावरून घालायच्या आणि माणसांनी डोंग्यातून, म्हणजे लाकूड कोरून केलेल्या होडीतून, पलीकडे जायचं, असं ठरलं. डोंगा यायला वेळ होता. बाकीची मंडळी सावली शोधत मागे थांबली आणि आम्ही दोघं वाळूत उभे राहिलो. तो पाण्यापाशी गेला, टोपी काढली आणि तोंडावर पाणी मारलं. टोपीच्या खालचं कपाळ हिवाळ्यात पाहिलेलं तेच होतं. त्याच्याखालचा सगळा चेहरा जळक्या लाकडाच्या रंगाचा झाला होता. उन्हाळाभर उघड्यावर ओंडके मोजणाऱ्या माणसाचं दुसरं काय होणार? त्याच्या तोंडाला चारोळी लावायची कुणाला सुचली नव्हती.

मी पाहते आहे हे त्याने पाहिलं आणि घाईने टोपी डोक्यावर चढवली. मग माझ्याकडे न बघता, पाण्याकडे बघतच बोलला.

"आत्यानं सांगतलं मले, तू तिचा हात धरून मडक्यात बुडवला म्हून. तवापासून मले झोप नाई. तू मले थंडीत पाह्यलं होतं ना. मले वाटलं, आता असा कारा पाहून हे पोरगी मांडवातून उठून जाईन."

लहानपणापासून मी ऐकत आले होते की पाहायला येणारे पसंत करतात किंवा करत नाहीत. आईने, वहिनीने, मी, आम्ही एवढे दिवस जे केलं ते त्या एका भीतीने केलं. माझ्याही मनात पसंत-नापसंत असेल, आणि मी उठून जाईन म्हणून कुणाची झोप उडाली असेल, हे माझ्या घरात कुणाच्या स्वप्नातही आलं नव्हतं. माझ्याही नाही. मला एकदम खूप हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं, आणि ते दोन्ही त्याला दिसलं तरी मला चाललं.

मी म्हटलं, "उठली नाई ना मी? चला, डोंगा लागला."